दिवसा सांगितलेली गोष्ट

खालापूर,
भाद्रपद संपत आला आहे, १९७१

प्रिय हिरू,

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरू नकोस. आपल्याकडे पत्र आलं की चुलीवरचं तसंच टाकून आधी कोण गेलं ते विचारतात, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, कोणी गेलेलं नाही. जाण्यासारखं माझ्या घरात मीच एक आहे आणि मी तर लिहायला बसले आहे. तुला हसू येईल. खालापूरहून कुंभिवलीला कोणी पत्र टाकतं का? एसटीत नीट टेकून बसेपर्यंत तुमचा थांबा येतो. पण त्या एसटीतून मी कितीदा तुमच्या हॉटेलासमोरून गेले आणि तशीच पुढं गेले. खिडकीतून तू दिसतेस. कढईतली भजी झाऱ्यानं काढताना मान तिरकी करतेस, अगदी मामीसारखी. एकदा तू वर बघितलंस. मला वाटलं, ओळखलंस. मग तू पुन्हा कढईत बघायला लागलीस आणि मीही मान आत वळवली. इतक्या जवळ राहून इतकं न बोलणाऱ्या दोघी या रस्त्यावर दुसऱ्या नसतील.

माझं बरं चाललं आहे. कचेरीच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली आहे, शाळा जवळ आहे, पोरं गुणी आहेत. फक्त एका माणसाचा भात काही नीट शिजत नाही. एक तर तळाला लागतो, नाहीतर गिचका होतो. कडावला मामीच्या टोपात तो कसा मोकळा फुलायचा. सुट्टीच्या दिवशी कधी कधी दिवस मावळेपर्यंत तोंडातून एक शब्द निघत नाही, आणि मग दूधवाल्याशी बोलताना आवाज घोगरा येतो. तो विचारतो, बाई, सर्दी झाली काय? मी हो म्हणते. आता याला काय सांगायचं, की बाबा रे, सर्दी नाही, आवाज वापरात नाही.

तुला माहीत नसेल, मी गोष्टी लिहिते. म्हणजे लिहायला घेते. ट्रेनिंगला होते तेव्हापासूनचा हा नाद. दिवेलागण झाली, उंबऱ्याशी दिवा ठेवला, की मगच कागद पुढं घ्यायचा, त्याआधी नाही. शनिवारी दुपारी शाळा लवकर सुटते, सगळा वेळ मोकळा असतो, डोक्यात गोष्ट उकळत असते, तरी मी गहू निवडत बसते. निवडलेले पुन्हा निवडते. बरं, संध्याकाळी लिहिते तेही अर्धंच. गोष्ट एका जागी येते आणि माझा हात थांबतो. पुढं काय होणार ते ठाऊक असतं, शब्दही तयार असतात, पण ते कागदावर उतरवले तर कोणाचं तरी काहीतरी होईल असं वाटतं. पत्र्याच्या ट्रंकेत अशा किती अर्ध्या गोष्टी पडल्या आहेत. एक मोठ्या धीरानं एका मासिकाला पाठवली होती. ती परत आली, सोबत एक ओळ, 'लिहिण्याची हातोटी आहे, परंतु कथेस शेवट नाही.' मी मनात म्हटलं, शेवट आहे हो, तो लिहायची माझी छाती नाही.

शाळेच्या वेळापत्रकात गोष्टीचा तास असतो, हे तर आणखीच. भर दिवसा. वर्षानुवर्षं त्या तासाला मी पोरांकडून पुस्तकातला धडा वाचून घेतला. छापलेली गोष्ट म्हणजे गोष्ट नव्हे, तो धडा, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. आणि पुढच्याच तासाला विज्ञान घ्यायचं. मांजर आडवं गेल्यानं काही होत नाही, मुलांनो, अंधश्रद्धा बाळगू नये. पोरं मान हलवायची. मी खडूनं फळ्यावर लिहायची, आणि लिहितानाही हात कापायचा नाही. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला कुठं काय लागतं.

तुला सगळं आठवत असणार, तरी मला ते एकदा लिहू दे. आई गेल्यावर सखामामानं मला कडावला आणलं, तेव्हा मी रात्री कोणाशी बोलत नव्हते. तूच मला बोलतं केलंस. अंथरुणात शेजारी पडून म्हणायचीस, गोदे, गोष्ट सांग. मी सांगायची आणि तू प्रत्येक वाक्याला हूं म्हणायचीस. हूं थांबलं की मी समजायची, हिरू झोपली. मग गोष्ट तिथंच ठेवून मीही झोपायची आणि दुसऱ्या रात्री तिथून पुढं सुरू करायची. मामा बाहेर ओट्यावरून ओरडायचा, पोरींनो, मला बी आयकू येईल असं बोला गं. मामाचा हूं तुझ्यापेक्षा मोठा असायचा. विडी ओढत, घोगऱ्या आवाजात. हिरू, तेव्हापासून आजपर्यंत माझ्या गोष्टीला तसा हूं पुन्हा कोणी दिला नाही.

आणि तो ज्येष्ठातला दिवस. रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजून झाले होते, पेरणीचं बघायचं होतं, आपला थोरला बैल बसला तो उठला नव्हता. मामा घाटावरच्या बाजाराला बैल आणायला गेला होता आणि त्या दिवशी परतायचा होता. भर दुपार होती. मामी पडवीत सुपानं बी पाखडत होती. आपण दोघी गोठ्याच्या सावलीला बसलो होतो आणि मी गोष्ट सुरू केली. एका पोरीची गाय हरवते, ती रानात शिरते, गळ्यातल्या घंटेचा आवाज ऐकत ऐकत नदीपाशी येते, आणि आवाज येतो नदीपलीकडून. एवढ्यात मामीनं ऐकलं आणि हात न थांबवता म्हणाली, "ए बयांनो, दिसाची गोष्ट नको गं. मामा वाट चुकंल." सगळ्याच बायका पोरांना म्हणतात ते. तिच्या मनात काही नव्हतं, पोरं गप्प बसावीत एवढंच. आपण जरा थांबलो, मग पुन्हा हळू आवाजात सुरू झालो. मामी दुसऱ्यांदा ओरडली, आणि ती पोर तशीच नदीकाठी उभी राहिली.

मामा त्या दिवशी आला नाही. घाटात ढग उतरले होते. दुसऱ्या दिवशी नवा बैल घाटाखाली ठाकरवाडीच्या लोकांना चरताना सापडला, गळ्यात दोर तसाच. मामाला गावानं पाऊस लागेपर्यंत शोधलं. कुठं पाय घसरला, कोणत्या कड्याखाली, ते कोणालाच कळलं नाही. बोलाफुलाला गाठ पडावी तसं झालं. बैल सापडला त्या दिवशी मामी ओट्यावर उभी राहून म्हणाली, "दिसाची गोष्ट कुनी सांगितली? सांगू नको म्हटलं व्हतं ना?" मी म्हणाले, मी. तेवढंच विचारलं गेलं आणि तेवढंच मी सांगितलं. वर्ष सरायच्या आत काका मला खालापूरला घेऊन आले. पण असल्या गोष्टी माणसाच्या आधी पोचतात. पुढं मला बघायला यायचे ते चहा पिऊन जायचे आणि निरोप पाठवायचे नाहीत. जिच्या तोंडानं मामा गेला तिला कोण घरात घेणार? मी लोकांवर फारशी चिडले नाही. मलाही तसंच वाटत होतं.

मामीवर मात्र राग धरता आला नाही, तुला खरं सांगते. ती मला कधी घरी ये म्हणाली नाही, पण दर वर्षी नव्या भाताचे पोहे कोणाबरोबर तरी पाठवायची. निरोप काही नाही, नुसते पोहे. आणि तिनं कुंकू पुसलं नाही. मामा मेला असं तिच्या घरात कोणी म्हणायचं नाही, मामा वाट चुकला असंच म्हणायचं. घाटाकडून घराच्या मागं येणारी ती पायवाट, रस्ता झाल्यावर जिच्यावरून कुत्रंसुद्धा येईना, ती मामी दर वर्षी कोयत्यानं साफ करायची. गवत वाढलं तर त्याला वाट कशी दिसायची, म्हणायची. फाल्गुनात मामी गेली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की आता ती वाट बुजणार. तेराव्याला तू माझ्याकडे पाठ करून भांडी घासत होतीस. मी तुझ्या मागं उभी राहिले, तू एकच पातेलं घासत राहिलीस, आणि मी निघून आले.

आता आषाढात काय झालं ते ऐक. सकाळी शाळा भरली तेव्हा नुसती रिपरिप होती. दुपारी असा कोसळला की कौलं गळायला लागली आणि गावाबाहेरचा ओढा रस्त्यावर आला. हेडगुरुजी पंचायतीत गेले होते ते तिकडंच अडकले. जवळची पोरं घरी गेली, लांबची माझ्या वर्गात राहिली. आभाळ काळं, वर्गात अंधार, एक रडलं की दुसरं रडायचं. पुस्तक उघडलं तर अक्षर दिसेना. मी पाढे म्हणून घेतले, गाणी म्हणून घेतली, कशानं कोणी गप्प बसेना. शेवटी मागच्या बाकावरची ठाकरवाडीची चिमा म्हणाली, "बाई, गोस्ट सांगा ना." आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, एका पोरीची गाय हरवली.

पोरं गप्प झाली. मी सांगत गेले. चिमाला घरी कोणी शिकवलं असेल, ती वाक्यावाक्याला हूं म्हणत होती. हिरू, किती दिवसांनी तो हूं ऐकला. मी नदीपर्यंत आले. घंटेचा आवाज पलीकडून येत होता. एवढ्यात कोणीतरी चिमाला विचारलं, तुला कोण न्यायला येणार गं? चिमा सहज म्हणाली, "मामा येनार."

मी दाराकडं बघितलं. वर्गाचं दार उघडं होतं, बाहेर पाण्याचा पडदा, आणि त्यातून कुठून तरी एक मामा चालत येत होता. मी म्हटलं, बास, आता पुरे. पोरं म्हणाली, मग? चिमा म्हणाली, हूं? असं वाट बघत, जरा वैतागून. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं, थांबले तरी मला तेवढंच भ्यायचं आहे. एकदा थांबून बघितलं होतं, गोष्ट अर्धी राहिल्यानं मामा परत आला नव्हता. मग मी पुढं सांगितलं. नदीला पाणी आहे, पोरीला पलीकडं जाता येत नाही, गाईला अलीकडं येता येत नाही. पोर हाक मारते. गाय तिकडून हंबरते. अंधार पडतो, एकमेकींना दिसत नाहीत, म्हणून दोघी आवाज देत राहतात. हाक आणि हंबरणं, हाक आणि हंबरणं, नदी उतरेपर्यंत. सकाळी पाणी गुडघ्याएवढं होतं आणि गाय आपण होऊन अलीकडं येते. संपली गोष्ट. पोरांना ती फार आवडली असं नाही, एकानं विचारलं की वाघ कसा नाही आला.

मग एकेकाचे आईबाप येऊन घेऊन गेले. चिमा राहिली. आम्ही दोघी दारात बसलो. चिमाला काळजी नव्हती, ती पागोळ्यांखाली पाय धरून खेळत होती. मी मात्र त्या रस्त्याच्या टोकाकडं अशी बघत होते की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामी इतकी वर्षं कशी बघत बसली असेल ते मला त्या दारात बसून कळलं, त्याआधी कळलं नव्हतं. देवाला नको नको ते बोलले. चांगलंच अंधारलं तेव्हा पानांचं इरलं डोक्यावर घेतलेला एक माणूस चिखल तुडवत आला. मंगळ्या त्याचं नाव. मी धावत जाऊन त्याला विचारलं, वाट चुकलात का? तो माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसा बघायला लागला. म्हणाला, "चुकंल कशी बाई, रोजची वाट हाय. खालची पान्यात गेली म्हून वरनं फिरून आलो, तवा येळ झाला." चिमाला त्यानं इरल्यात घेतलं आणि दोघं निघून गेली. मी कुलूप लावलं आणि शाळेच्या पायरीवर भिजत उभी राहून रडले. आणि मग हसू आलं. वर्गात तेवढी पोरं होती, म्हणजे धरून चाल, गावोगाव किती मामे असतील. त्या दुपारी एकही चुकला नाही.

घरी गेले, दिवा लावला आणि गोष्ट लिहून काढली. शेवटासकट. हात थांबला त्या जागी थांबलाच, पण मी तोंडानं हूं म्हटलं आणि तो पुढं गेला. त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बसून ती पक्की केली. उन्हं खिडकीतून कागदावर आली होती. भीती गेली असं म्हणणार नाही. ती शेजारी बसली होती, मांजर बसतं तशी. मी तिला बसू दिलं.

ही बातमी आधी मामाच्या घराला सांगावी म्हणून मागच्या आठवड्यात मी कडावला गेले. घराला कुलूप. मागं गेले, आणि बघते तर वाट साफ. गवत कापून बाजूला टाकलेलं, कडेची करवंदीची जाळी छाटलेली, घाटाच्या अंगाला दिसेल तिथपर्यंत. मला वाटलं शेजारच्या नवशाकाकांनी केलं असेल. ते म्हणाले, "मी कशाला करू? हिरू येती ना. कोयता घिऊन येती, वाट कापती, बांधावर घटकाभर बसती, जाती. कुनाशी बोलत नाय." हिरू, मी तिथंच बांधावर बसले. बहुतेक तू बसतेस तिथंच. आणि इतकी वर्षं मला जे समजलं नव्हतं ते समजलं.

मी समजत होते, तू माझ्यावर रागावली आहेस. तुझा बाप माझ्या तोंडानं गेला, मग तू माझं तोंड का बघशील, असं मी धरून चालले होते. पण त्या दिवशी मामीनं पहिल्यांदा हटकलं आणि आपण थांबलो, तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मला बांधावर बसून आठवलं. तू म्हणालीस, "माझा मामा तं घरातच खोकत बसलाय, तो कुठं वाट चुकतोय? सांग गं तू." आणि खरंच, तुझा मामा, म्हणजे मामीचा भाऊ, कधी उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. आपल्याला ते इतकं बरोबर वाटलं. आपण तुझा मामा मोजला आणि माझा मोजायचा विसरलो. तुझे बाबा माझे मामा आहेत हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही, कारण तू त्यांना बाबा म्हणायचीस आणि मीही तोवर कधी कधी चुकून बाबाच म्हणायला लागले होते. मामीनं विचारलं तेव्हा तू खांबाआड उभी होतीस. तुला कोणी विचारलंच नाही. ज्याला विचारतात तो निदान सांगून मोकळा होतो. तू तेव्हापासून तशीच उभी आहेस, होय ना? म्हणून भांडी घासत राहिलीस. म्हणून कढईतून वर बघत नाहीस.

तर हे वाच आणि पुन्हा एकदा वाच. तू गोष्ट सांग म्हणालीस म्हणून तुझा बाप गेला नाही. मी सांगितली म्हणूनही नाही. घाटात ढग होता, दगड ओला होता, बैल नवा होता आणि मामाला घरी यायची घाई होती. त्याला वाट माहीत होती. तो आपल्याकडंच यायला निघाला होता, हिरू, आणि ते आपण दोघींनी कधी धड आठवलंच नाही. दोष कोणाचा ते शोधत बसलो आणि माणूस विसरलो. पायवाट कापायची तर काप, पुढच्या वर्षी मीही कोयता घेऊन येईन. पण शिक्षा म्हणून नको.

आता पत्र का लिहिलं ते सांगते, इतका वेळ धीर गोळा करत होते. ती गोष्ट मी मुंबईला रेडिओवर पाठवली होती. त्यांना पसंत पडली. येत्या मंगळवारी बायकांच्या कार्यक्रमात मी स्वतः ती वाचायची आहे, भर दुपारी. दिवसाउजेडी, साऱ्या मुलखाला ऐकू जाईल अशी. हेडगुरुजींनी रजा दिली आहे आणि वर नीट वाचा अशी ताकीदही. मला सगळ्यात भय वाटतं ते एकाच गोष्टीचं. म्हणतात, तिथं एका बंद खोलीत बसवतात, समोर कोणी नसतं, नुसतं यंत्र. हूं म्हणायला कोणी नाही. नदीपाशी आले की माझा आवाज अडणार, मला ठाऊक आहे. तुमच्या हॉटेलात गल्ल्यावर रेडिओ आहे, मी एसटीतून ऐकला आहे. मंगळवारी दुपारी आमच्या विठूदाजींना सांग, गाणी जरा वेळ राहू देत. कढई उतरव, हात पूस आणि रेडिओजवळ बस. मला ऐकू येणार नाही, मला माहीत आहे. तरी मी प्रत्येक वाक्यानंतर जरा थांबेन. हूं म्हण, हिरू. आणि मामाचा म्हणून एक जरा मोठा हूं म्हण. ती पोर फार दिवस नदीकाठी उभी आहे, तिला या खेपेला पलीकडून आवाज येऊ दे.

तुझीच,
गोदी